वांग्याच्या रोपांची माती

नाना, आपल्या वांग्याचं बी गेलं. आईला हे तुम्हाला सांगवत नसेल असं मला वाटलं, म्हणून मी लिहायला घेतलं. तुम्ही गेलात तेव्हा माझं कॉलेज नुकतंच संपलं होतं. त्यापुढचं माझं आयुष्य तुम्ही पाहिलेलंच नाही, त्यामुळे थोडं आधीपासून सांगावं लागेल. मी आता सिडनीला असते. क्वेकर्स हिल नावाच्या उपनगरात आमचं विटांचं बैठं घर आहे, मागे कपडे वाळत घालायचं फिरतं स्टँड आणि लहानसं अंगण. मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, काही दिवस ट्रेनने ऑफिसला जाऊन, बाकीचे घरून. नवरा पुण्याचाच, इंजिनिअर. आणि एक लेक आहे, पाचवीत. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. तिने तुम्हाला फक्त फोटोत पाहिलंय, नर्सरीच्या दारात, हातात झारी घेतलेले.

तुमच्या मागे आईने तळेगावची नर्सरी काही वर्षं रेटली. मग मालकाने जागा परत मागितली. तिथे आता गाड्यांचं शोरूम आहे. गुलाब गेले, जास्वंद गेली, पण वांगी तिने सोडली नाहीत. गच्चीवर तेलाच्या पत्र्याच्या डब्यांमध्ये ती दर वर्षी आपली तीच काटेरी, जांभळ्यावर पांढऱ्या रेघा असलेली वांगी लावायची. त्यातलं एक चांगलं फळ तोडायचं नाही, झाडावरच पिवळं होऊ द्यायचं, मग बी धुवून सावलीत वाळवायचं, राखेत घोळवून फडक्यात बांधून ठेवायचं. तुम्ही करायचात तसंच. मी इकडून फोन केला की ख्यालीखुशालीच्या आधी "वांगी धरली" किंवा "यंदा जरा उशीर आहे" हे कळायचं. गेल्या वर्षी गुडघ्यांनी जिना चढवेना, तेव्हा दादाने तिला पुण्याला स्वतःच्या फ्लॅटवर नेलं. त्याच्या बाल्कनीत ऊन येत नाही. त्या वर्षी तिने पेरलंच नाही. होतं नव्हतं ते सगळं बी त्या एका फडक्यात होतं, आणि ते फडकं घेऊन ती जुलैत आमच्याकडे आली. इकडे तेव्हा ऐन हिवाळा असतो.

इकडे बाहेरचं बी आणू देत नाहीत, नाना. मी तिला फोनवर सांगून ठेवलं होतं की विमानात भरायला देतात त्या कार्डावर खाण्यापिण्याचं, झाडाबिडाचं जे विचारतील त्याला 'हो' म्हण आणि सगळं उघडून दाखव. विमानतळावर तिने तसंच केलं. लोणची, पापड, गोडा मसाला बघून त्यांनी परत दिलं. फडकं मात्र बाजूला ठेवलं. काउंटरवरची मुलगी आपल्याकडची असावी, हिंदीत म्हणाली, "आंटी, ये नहीं जा सकता." आईने तिला विचारलं की तुम्ही हे कुठे पेरणार का. ती म्हणाली, "नहीं आंटी, जला देते हैं." आणि सॉरी म्हणाली, दोनदा म्हणाली. हे सगळं मला आईने गाडीत सांगितलं, पुढच्या सीटवर बसून, मांडीवर पर्स घट्ट धरून. मी म्हटलं, "आई, त्यांचा नियम आहे. बाहेरचा रोग शेतात आला तर सगळं नुकसान होतं." ती म्हणाली, "हो. चांगली होती मुलगी." आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

त्यानंतर ती त्याबद्दल बोललीच नाही. पोळ्या करायची, नातीची वेणी घालायची, दुपारी हीटरपाशी बसून मोबाइलवर कीर्तन ऐकायची. पण मागचं दार उघडून अंगणात पाऊल टाकायची नाही. कपडे वाळत घालायलासुद्धा मला हाक मारायची. आयुष्यभर हातापायाला माती लागलेली बाई, आणि तिची नखं स्वच्छ दिसायला लागली. मला ते बघवेना. मी दादाला फोन केला. त्याने तळेगावात ओळखीच्या घरी विचारलं, तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांना विचारलं. सगळे म्हणाले, नानांची वांगी म्हणजे वांगी होती, पण बी कोणी धरलं नव्हतं. आता सगळे तयार रोपं आणतात. म्हणजे संपलं. आणि मला वाटत राहिलं की आई मनातल्या मनात तुम्हाला तोंड चुकवते आहे. तुम्ही जपलेलं बी तिच्या हातून गेलं, आता ह्यांना काय सांगू, असं काहीतरी.

ऑगस्ट संपत आला तेव्हा मीच ठरवलं की दुसरं बी आणायचं आणि लावायचं. लेकीला घेऊन मी हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात गेले, जिथे शनिवारी-रविवारी दारात सॉसेज भाजून विकतात. आत बागेच्या विभागात पोत्यांची भिंतच आहे, नाना. पॉटिंग मिक्स, प्रीमियम पॉटिंग मिक्स, भाज्यांचं वेगळं, गुलाबांचं वेगळं, कंपोस्ट, गाईचं खत, कोंबडीचं खत. मला त्यातला फरक कळायला हवा होता, मी तुमची मुलगी. पण मी इतकी वर्षं तयार फुलझाडं आणून कुंडीत ठेवण्यापलीकडे काही केलेलं नाही. मी सगळ्यात चांगलं म्हणून लिहिलेलं, भरपूर खतवालं पोतं उचललं आणि वांग्याच्या बियांचं एक पाकीट. लेकीने अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये ते मिक्स भरलं, बी टाकलं, आणि कपडे धुण्याच्या खोलीत खिडकीशी ट्रे ठेवला. शाळेतून आली की पहिली तिकडे पळायची आणि पाणी घालायची. आईने पाकिटावरचं चित्र एकदा पाहिलं, मोठं काळंभोर वांगं. म्हणाली, "हा तर भोपळा आहे."

रोपं आली, म्हणजे थोडी आली. जाड सालपटांच्या मधून वाट काढत, लांब, फिकट. लेकीने त्यांचे फोटो मैत्रिणींना पाठवले. मग एके दिवशी शाळेतून येऊन ती दारातच थांबली आणि म्हणाली, "मम, दे ऑल फेल ओव्हर." मातीलगत प्रत्येकाची मान मोडली होती. ती रडली नाही, पण ट्रेपाशी उभी राहून तिने विचारलं, "डिड वी डू इट राँग?" मी काही म्हणणार तेवढ्यात मागून आई आली. तिने एक रोप चिमटीत उचललं, तळाशी पाहिलं, मग ट्रेमधलं मिक्स बोटाने दाबलं. बोट ओलं झालं. "तुझं काही चुकलं नाही, पोरी," ती म्हणाली. "ही माती ह्यांच्यासाठी नाही."

त्या वाक्याने मी एकदम तळेगावला पोचले. मला दिसतं, मी लेकीच्याच वयाची आहे आणि तुम्ही नर्सरीच्या मागे शेणखताच्या ढिगाशी उकिडवे बसला आहात. गोणपाट बाजूला करून मूठभर खत नाकाशी नेता, डोळे मिटता. मला जवळ बोलावता. "वास घे. शेणाचा येतो? मग कच्चं आहे. मातीचा येतो? मग झालं." पलीकडे आई चाळणीने पोयटा चाळते आहे, तिच्या भुवयांवर धूळ बसली आहे. त्या वर्षी तुम्ही मला माझा स्वतःचा एक वाफा दिला होता, झेंडूसाठी, आणि माझी रोपं सगळ्यांच्या आधी मोठी व्हावीत म्हणून मी त्यात दोन घमेली खत जास्त ओतलं होतं. रोपं वर आली आणि जळल्यासारखी बसली. तुम्ही मला जवळ उभं केलंत. आवाज चढवला नाहीत, तो तुम्ही कधीच चढवायचा नाहीत, पण मला ते बोलणं लागलं. "तान्ह्या बाळाला कोणी बासुंदी पाजतं का? बी आपली शिदोरी घेऊनच येतं. त्याला फक्त मऊ अंथरूण लागतं आणि ओल. चार पानांवर आलं की भूक लागेल, तेव्हा दे हवं तेवढं." हे मला शब्दन्‌शब्द आठवत होतं, नाना. फक्त दुकानात आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई आपणहून म्हणाली, "मला ने त्या दुकानात." स्वेटरवर नवऱ्याचं जाकीट चढवून ती त्या पोत्यांच्या भिंतीपुढे उभी राहिली. एकेक पोतं बाहेरून दाबून बघत होती, कडेने उचलून वजनाचा अंदाज घेत होती. एक पोतं कोपऱ्याला फाटलेलं होतं, त्यातलं तिने हातावर घेतलं आणि मला विचारलं, "यात माती कुठाय?" मी म्हटलं, "नसते आई. कुजवलेली झाडाची साल असते, वाळू असते, वरून खत घातलेलं." तिला ते जरा वेळ पचेना. "माती विकतच नाहीत का हे?" तेवढ्यात दुकानातला एक माणूस जाता जाता थांबून म्हणाला, "यू राइट देअर?" म्हणजे इकडच्या भाषेत, काही मदत हवी का. आईला वाटलं आपलं बरोबर आहे असं तो सांगतोय. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "येस, राइट." तो "नो वरीज" म्हणून गेला आणि आई हसली. जुलैपासून मी तिला पहिल्यांदा हसताना पाहत होते. शेवटी तिने तीन गोष्टी निवडल्या. बियांसाठीचं बारीक मिक्स, ज्यात खत जवळजवळ नसतं, ते लहानसं पोतं. नारळाच्या काथ्याची वीट, जी आपल्याकडे कोकोपीट म्हणून मिळते. आणि धुतलेली जाड वाळू. "खत मागनं घेऊ," म्हणाली, "रोपं होऊ देत आधी."

घरी आल्यावर तिने माझी पिठाची चाळण मागितली. मी दिली. ती अंगणात गेली, नाना, स्वतः दार सरकवून, आणि पायरीवर बसली. लेक पोत्यावरची सूचना मोठ्याने वाचायला लागली, कारण इकडे या पोत्यांवर ठळक लिहिलेलं असतं की यातले जंतू श्वासातून गेले तर माणूस आजारी पडतो, मास्क घाला, हातमोजे घाला, आधी ओलं करा. "आजी, यू हॅव टु वेअर अ मास्क. अँड नो स्निफिंग." मला वाटलं आई हे उडवून लावेल. पण तिने निमूटपणे मास्क आणि हातमोजे घातले, पोत्यात आधी पाणी शिंपडलं आणि तिन्ही जिन्नस एकत्र कालवले. मग म्हणाली, "वास ह्यांना लागायचा. मला हाताला कळतं." तिने हातमोज्यातली मूठ आवळून उघडली. मातीचा गोळा तसाच राहिला. दुसऱ्या हाताच्या बोटाने नुसतं टोकलं, तर सुटून पडला. "अशी हवी," तिने नातीला सांगितलं. "मूठ धरली तर धरेल, सोडली तर सुटेल. पाणी ठिबकलं तर फार झालं." लेकीने करून पाहिलं. तिच्या मुठीतून पाणी आलं. आईने वाळू वाढवली.

चाळता चाळता मी तिला विचारलं. धीर करून विचारलं, कारण मला तो विषय काढायची भीती वाटत होती. म्हटलं, "आई, तुला नानांचं वाईट वाटतं का? त्यांचं बी गेलं म्हणून?" तिने चाळण खाली ठेवली. "ह्यांचं कुठलं? बी माझं होतं." मला कळेना. ती म्हणाली, "माझ्या आईचं बी ते. लग्न होऊन निघाले तेव्हा तिने माझ्या पदराच्या गाठीत बांधून दिलं. म्हणाली, तिकडे कशी माती आहे मला माहीत नाही, पण पेर. दुसरं द्यायला तिच्यापाशी काही नव्हतं गं. ह्यांनी नर्सरीत लावलं आणि गावभर नाव ह्यांचं झालं. पण हे सांगायचे लोकांना. पाटी नव्हती का लावली?"

पाटी होती, नाना. पत्र्याच्या तुकड्यावर तुमच्या हिरव्या रंगातल्या वळणदार अक्षरात, 'माहेरची वांगी'. मी ती हजार वेळा वाचली असेन. मला वाटायचं, रोपं बहुतेक बायकाच नेतात म्हणून तुम्ही खपायला सोपं नाव ठेवलं आहे, नर्सरीवाले ठेवतात तसं. ते नुसतं खरं होतं. मी आईला म्हटलं, "म्हणजे तू इतके दिवस नानांना काय सांगू म्हणून गप्प नव्हतीस?" तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "ह्यांना सांगायला काय भ्यायचं? हे म्हणाले असते, असू दे, दुसरं लावू. मला माझ्या आईचं वाईट वाटत होतं. तिचं माझ्यापाशी एवढंच राहिलं होतं." मग तिने मास्क खाली ओढला, पदराने डोळे पुसले आणि नात ओरडायच्या आत मास्क परत वर घेतला. तिने चाळण पुन्हा उचलली. चाळणीचा आवाज होत राहिला.

दुसऱ्यांदा पेरलं ते नीट आलं. बुटकी, जाड देठाची, गडद हिरवी रोपं. चार पानांवर आली तेव्हा आईने खताचं पोतं आणायला लावलं आणि दह्याच्या रिकाम्या डब्यांना खाली भोकं पाडून घेतली. या वेळी मिक्स वेगळं, जरा भरड, आणि त्यात गाईचं मुरलेलं खत. रोप हलवताना तिने लेकीचा हात धरून दाखवलं की देठाला हात लावायचा नाही, पानाला धरून उचलायचं, खालून चमच्याने आधार द्यायचा. पान तुटलं तर दुसरं येतं, देठ दबला तर रोप जातं. लेक आता हे सगळ्यांना शिकवत असते. परवा शाळेच्या बागेत तिने बाईंनाच सांगितलं, "नेव्हर बाय द स्टेम, मिस." जास्तीची रोपं आम्ही जवळच्या पेंडल हिल उपनगरातल्या वाण्याला दिली. त्याने ती दुकानाच्या दारात मांडली आणि संध्याकाळपर्यंत लोकांनी नेली. आईला मी दुकानातून व्हिडिओ कॉलवर रिकामी जागा दाखवली तर तिने विचारलं, "कुणी कुणी नेली?" तुम्ही विचारायचात तसंच.

जानेवारीत इकडे ऊन असं पडतं की अंगणातली फरशी अनवाणी सोसत नाही. आई नातीची क्रिकेटची रुंद टोपी घालून कुंड्यांना जुन्या चादरीची सावली करत होती. वांगी धरली, मोठी, काळी, चकचकीत. भरली वांगी त्यांची होईनात, म्हणून नवऱ्याने ती बार्बेक्यूवर भाजली आणि आईने भरीत केलं, वर कच्चा कांदा, शेंगदाण्याचं कूट, हिरवी मिरची. तिने पहिला घास घेतला. आम्ही तिघंही तिच्या तोंडाकडे बघत होतो. "बरं झालंय," ती म्हणाली. मग खरं बोलली, "आपल्यासारखं नाही. पण बरं आहे." एका झाडावर तिने एक वांगं तसंच ठेवलंय. ते आता पिवळं पडत चाललंय. पाकिटावर संकरित लिहिलेलं मी वाचलं होतं, आणि अशा बियांचं पुढे काहीही निघू शकतं हे मला माहीत होतं, पण बोलले नाही. तर तीच म्हणाली, "ह्याच्या पोटात काय असेल सांगता येत नाही. बघू काय निघतंय."

आज रविवार आहे, दुपार टळत आली आहे. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहिते आहे, त्या दोघी बाहेर आहेत. मघाशी आई पाणी प्यायला आत आली आणि विचारलं, "काय गं लिहितेस?" मी म्हटलं, "नानांना लिहितेय." ती जराही चकित झाली नाही. ग्लास विसळला, पालथा घातला, म्हणाली, "सांग ह्यांना, गुडघा आता बरा आहे. आणि सकाळी चालायला जाते रोज, त्या तळ्यापर्यंत." बाहेर जाता जाता परत वळली. "आणि नातीचा हात हलका आहे म्हणावं." म्हणून लिहिलं.

बी गेलं हे तुम्हाला सांगायचं म्हणून बसले होते. ते आईने तुम्हाला केव्हाच सांगितलं असणार, हे लिहिता लिहिता कळलं. हे पत्र कुठे जायचं नाही, टेबलाच्या खणात राहील, म्हणून एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. नाना, मला वांगं आवडत नाही. कधीच आवडलं नाही. दर वर्षी पहिली भाजी झाली की तुम्ही स्वतः जेवायच्या आधी माझ्या ताटाकडे बघत बसायचात, म्हणून मी खायचे, आणि दुसऱ्यांदा मागून घ्यायचे. त्या दिवशी भरीतही मी दोनदा घेतलं. आईला सांगू नका.